ती ट्यून तुझी नव्हती, शर्वरी

शर्वरी,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असा फोन आला होता. सोबत एक फोटो, शक्यतो साडीतला, हातात व्हायोलिन असलेला. मी हो म्हणालो आणि लॅपटॉप उघडून बसलो. जन्म मिरजेचा, शिक्षण पुण्यात, मग नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठात शेवाळावर पीएचडी, मग तिथेच नोकरी, पदरी एक मुलगी आणि एक नवरा. एवढं लिहिलं आणि वाचून पाहिलं. हे कुणाबद्दलही असू शकलं असतं. तू त्यात कुठेच नव्हतीस. ते तसंच सोडून हे तुलाच लिहायला घेतलंय. मंडळाला काय द्यायचं ते नंतर बघू.

तुला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. लोक येतात, डबे देऊन जातात, ‘तिने कलेसाठी आयुष्य वेचलं’ वगैरे म्हणतात. तू ऐकलं असतंस तर हसून लोळली असतीस. आयुष्य तुझं शेवाळात गेलं. व्हायोलिन रविवारी दुपारी. पण आता डोळे मिटले की मला तेच रविवार दिसतात, बाकीचे वार कुठे गेले कळत नाही.

पहिला रविवार. वाल नदीच्या काठाने फिरायला गेलो होतो. रेवा बाबागाडीत होती. वाऱ्याने तोंड बधिर झालं म्हणून पहिल्या दिसलेल्या कॅफेत शिरलो. आत कोपऱ्यात काही माणसं गोलात बसून वाजवत होती. फिडल म्हणजे व्हायोलिनच, बँजो, गिटार, एक बाई स्वतःहून उंच डबल बास घेऊन उभी. समोर कागद नाही, माइक नाही, आणि ऐकणाऱ्यांकडे सरळ पाठ. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या जुन्या नाचाच्या ट्यून्स आहेत, असं कॉफी आणून देणारीने सांगितलं. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. तीच ओळ पुन्हा पुन्हा, मग पुढची ट्यून, तीही तशीच. तू कॉफी ढवळत होतीस. मग त्यांच्यातला एक उंच म्हातारा थांबला आणि फिडलच्या खुंट्या पिळायला लागला. जाड तारा वर चढवल्या, छेडून बघितल्या. तुझा चमचा थांबला.

“मिलिंद, ऐकलंस?”

“काय?”

“सा-प-सा-प. अरे, त्याने आपल्यासारखं लावलं!”

मला ओ की ठो कळलं नाही. मग तू घाईघाईने समजावलंस. इकडे व्हायोलिनच्या चारही तारा वेगवेगळ्या सुरांना लावतात, तुला मात्र मिरजेच्या सरांनी षड्ज-पंचम, षड्ज-पंचम असंच लावायला शिकवलं होतं, आणि हा कुठला कोण म्हातारा इथे वालच्या काठावर बसून नेमकं तेच करत होता. सांगता सांगताच उठलीस आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. रेवाला आणि मला विसरून.

तो क्लाइड. केंटकीतल्या कुठल्याशा दरीत जन्मलेला, तरुणपणी सैन्यातून जर्मनीला आलेला, एका डच बाईच्या प्रेमात पडून नायमेखनला राहिलेला. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. डच असं बोलायचा की डच लोक इंग्रजीत उत्तर द्यायचे. त्याने तुला विचारलं, वाजवतेस का? तू म्हणालीस, पूर्वी वाजवायचे. तुझं व्हायोलिन भारतातून आल्यापासून पलंगाखाली होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तू बूटसुद्धा न काढता आधी ते बाहेर काढलंस.

पुढच्या रविवारी तू कॅफेत फरशीवरच मांडी घातलीस. व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलंस, आपल्याकडे टेकवतात तसं. सगळं कॅफे बघायला लागलं. रुलॉफ, तो मेळा चालवणारा निवृत्त भूगोल शिक्षक, धावत खुर्ची घेऊन आला, त्याला वाटलं खुर्ची नाही म्हणून बसलीस. क्लाइड मात्र खूश झाला. तो स्वतः फिडल हनुवटीखाली न धरता छातीवर टेकवायचा. म्हणाला, “बसू दे तिला. आमच्याकडेही कुणी नीट धरत नव्हतं.”

तुला सवय होती, प्रत्येक ट्यून संपली की विचारायचीस, ही कुठून आली? मेळ्यातल्या लोकांना त्याचं हसू यायचं. एकाच ट्यूनला या दरीत एक नाव, डोंगरापलीकडे दुसरं. कुणी म्हणणार स्कॉटलंडहून जहाजातून आली, कुणी म्हणणार आयरिश, कुणी म्हणणार माझ्या मामाने रचली. तू घरी येऊन वाचत बसायचीस आणि जेवताना आम्हाला सांगायचीस. बँजो मुळात आफ्रिकेतला, भोपळ्याला कातडं ताणून केलेला. गुलामांना मालकाच्या नाचासाठी फिडल वाजवायला बसवत. स्कॉटलंडची चाल, आफ्रिकेचा हात, आणि दोन्हीच्या मध्ये कुणीतरी एक माणूस, ज्याने ते पहिल्यांदा जोडलं. पुढे रेकॉर्ड निघायला लागल्या तेव्हा काढणाऱ्यांनी फिडल गोऱ्यांकडून वाजवून घेतलं आणि काळ्यांना सांगितलं, तुम्ही तुमचं ते ब्लूज गा. मग हळूहळू लोकांना खरंच वाटायला लागलं, की हे गोऱ्यांचंच संगीत.

गणपतीच्या कार्यक्रमात तू ते सा-प-सा-प सगळ्यांना वाजवून दाखवलंस, अ‍ॅमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या त्या हॉलमध्ये. पुण्याहून मुलाकडे आलेले एक काका उठून म्हणाले, “म्हणजे मूळ आपलंच!” टाळ्या पडल्या. तू हसली नाहीस. “काका, दोन ठिकाणी तार सारखी ताणली म्हणून ती एकाच माणसाने ताणली असं होत नाही,” असं म्हणालीस. काका नाराज झाले. परतताना गाडीत मी म्हणालो, कशाला उगाच? तू म्हणालीस, “ज्याचं आहे तो सापडत नाही, आणि ज्याचं नाही तो हात वर करून उभा.”

त्या साऱ्या ट्यून्समध्ये एक होती, तिला नाव नव्हतं. क्लाइड तिला ‘आजोबांची’ म्हणायचा, मेळ्यातले लोक ‘क्लाइडची’ म्हणायचे. दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती, कुठल्या रेकॉर्डवर नव्हती, पुस्तकात नव्हती. पहिला भाग एका जुन्या स्कॉटिश चालीसारखा आहे, हे तू शोधून काढलंस. दुसरा कशासारखाच नव्हता. त्याच्या शेवटी एक ठोका जास्त पडायचा. चालता चालता माणूस उंबऱ्याशी क्षणभर थांबतो ना, तसं. मेळ्यातले सगळे तिथे धडपडायचे. तू आणि क्लाइड मात्र एकमेकांकडे बघून त्या ठोक्यापुरते थांबायचात आणि बरोबर एकत्र उतरायचात. मला सुरातलं काही कळत नाही, माझा कान दगडाचा आहे हे तू लग्नाआधीच सगळ्यांना सांगितलंस. पण तो ठोका मला कळायचा. मी त्याची वाट बघायचो.

क्लाइड आपल्याकडे जेवायला यायला लागला. थालीपिठावर तो लोण्याचा एवढा गोळा घ्यायचा की मला भीती वाटायची. अशाच एका दुपारी तू तव्यावरून तिसरं थालीपीठ त्याच्या ताटात टाकत विचारलंस, “आजोबांना ती ट्यून कुणी शिकवली?”

“अंकलने,” तो म्हणाला.

“म्हणजे आजोबांचे काका?”

“नाही, नाही. एक काळा माणूस होता. तंबाखूच्या हंगामात कामाला यायचा. आजोबा लहान असताना त्याच्याकडून शिकले. आख्खी दरी त्याच्या फिडलवर नाचायची.”

“नाव काय त्याचं?”

“अंकलच. सगळे अंकल म्हणायचे.”

“अंकल काय? अंकल कोण?”

क्लाइड लोणी पसरत होता. त्याने मान वर केली. इतकी वर्षं त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला दिसलं. “माहीत नाही,” तो म्हणाला. मग ताट सरकवून, “माझ्या आजोबांनाही माहीत नसावं.”

तो गेल्यावर तू मला सांगितलंस, की त्या भागात काळ्या म्हाताऱ्याला मिस्टर म्हणायचं नाही म्हणून अंकल म्हणत. आदर दाखवायचा नाही आणि हाक तर मारायची, म्हणून काढलेली वाट. रेवा तेव्हा शाळेत जायला लागली होती. ती म्हणाली, “बट आई, यू मेक मी कॉल एव्हरीवन काका.”

“काकाला नाव असतं गं,” तू म्हणालीस. “सुहासकाका, नितीनकाका. नुसता काका असतो का कुणी?”

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलं नाही. मी नोकरीत दिवसभर कॉम्प्युटरच्या मेलेल्या चिपा उघडून त्या कशाने मेल्या ते शोधतो. कारण सापडलं तर पुढची चिप वाचते. तुला मी तेच विचारायचो. त्या माणसाचं नाव सापडून काय वाचणार आहे? तो गेला, सूर राहिला. लोकसंगीत असंच असतं.

“सूर राहिला असं म्हणणं तुला सोपं आहे,” तू म्हणायचीस. “तो तुझा आजोबा नाही.”

“तुझा तरी कुठे आहे?”

“मी त्याचं वाजवते. माझा आहे.”

एकदा तर तू आपल्या लग्नावरच आलीस. भाजी चिरत होतीस, सुरी खाली ठेवलीस. “आपल्या लग्नात सनई कोण वाजवत होतं, सांग.”

“मला कसं माहीत असणार?”

“चार तास वाजवत होता माणूस. व्हिडिओत त्याची नुसती पाठ दिसते. मलाही माहीत नाही. बाबांना विचारलं, त्यांनाही नाही. म्हणाले, ते सनईवाले. बस.”

तुमच्या शास्त्रीय संगीतात वाजवायला बसताना गुरूचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावायची पद्धत. सरांची चीज असली की तू सरांचं नाव घ्यायचीस. कॅफेत त्या ट्यूनच्या आधीही तू कानाला हात लावायला लागलीस, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. अंकल हा शब्द तू उच्चारणार नव्हतीस, आणि दुसरा तुझ्याकडे नव्हता. हात कानाला, ओठ मिटलेले, मग गज तारेवर. रुलॉफला वाटायचं हा योगाचा काही प्रकार आहे.

मग क्लाइड विसरायला लागला. आधी शब्द गेले, मग आपली नावं, मग कॅफेचा रस्ता. तू त्याच्या वृद्धाश्रमात जायचीस, कधी मीही यायचो. बोटांना ट्यून्स अजून येत होत्या. पण त्या ट्यूनचा पहिला भाग संपला की त्याला दुसऱ्याचं दार सापडायचं नाही. तो परत पहिल्यावर यायचा, पुन्हा तिथेच, गोल गोल. शेवटी तू दुसरा भाग त्याला वाजवून दाखवायचीस. तो डोळे मिटून ऐकायचा.

“छान आहे,” म्हणायचा. “कुणाची आहे?”

“तुझ्या आजोबांची.”

“नाही, नाही,” तो हसायचा. “त्यांना असलं येत नव्हतं.”

बाहेर आल्यावर तू सायकलचं कुलूप काढत म्हणालीस, “खरं बोलला.” आणि रडायला लागलीस.

क्लाइड गेल्यानंतर आपण केंटकीला गेलो. तुझी आयुष्यातली एकच अमेरिकावारी, आणि तीत तू एक शहर पाहिलं नाहीस. मी ग्रँड कॅनियन म्हणत होतो. तू मला आणि रेवाला त्या दरीत घेऊन गेलीस. क्लाइडच्या पुतणीने आपल्याला फिरवलं. भली बाई. तिच्या घरचं दफनस्थान टेकडीवर, कुंपण, कोरीव दगड, क्लाइडच्या आजोबांचं नाव, त्याखाली कोरलेलं फिडल. तू विचारलंस, कामाला येणाऱ्या काळ्या लोकांना कुठे पुरायचे? तिने गाडी मागच्या अंगाला घेतली. झाडीत जमिनीवर नुसते दगड उभे होते. शेतातलेच, ओबडधोबड, अक्षर एकावरही नाही. काही आडवे झालेले, काहींवर शेवाळ चढलेलं. तू वाकून एका दगडावरून बोट फिरवलंस. मला वाटलं, शेवाळ बघतेयस. तू अक्षर शोधत होतीस.

गावात काळ्या लोकांचं एक छोटं चर्च होतं. तिथल्या सर्वांत जुन्या बाईंना भेटायची वेळ पुतणीने ठरवून दिली. अंगभर फुलाफुलांचा झगा, गुडघ्यावर शाल, मान ताठ. तू सगळी हकीगत सांगितलीस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, होते ना, आमच्यात फिडलवाले खूप होते. मग चर्चवाले म्हणायला लागले की ती सैतानाची पेटी. मग पोरं उत्तरेला कारखान्यात गेली. फिडल भिंतीवर राहिली, मग भिंतीवरूनही गेली.

“आणि तंबाखूच्या कामाला येणारे ते?”

“पोरी, इथे सगळेच तंबाखूच्या कामाला जायचे.”

मग त्यांनीच विचारलं, “नाव मिळालं तर काय करशील?”

“वाजवण्याआधी घेईन,” तू म्हणालीस.

त्यांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. म्हणाल्या, वाजव बघू. तू तिथेच चर्चच्या लाकडी जमिनीवर बसलीस. मी तुला इतकं जपून वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या बाजूला रेवा, एरवी फोनमध्ये असणारी, श्वास रोखून. तू त्या ठोक्यावर थांबलीस आणि उतरलीस. मला वाटलं, आता. आता त्या म्हणतील, अगं ही तर आमच्या अमक्याची. आख्खं आयुष्य मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नाही, पण त्या क्षणी मी देवाला हात जोडायला तयार होतो.

त्या म्हणाल्या, “सुंदर आहे. पण मी ही कधी ऐकलेली नाही.”

तुझा हात हातात घेऊन त्यांनी थोपटला. “ऐकली असती तर बरं झालं असतं,” असंही म्हणाल्या. बाहेर आल्यावर तू गाडीत बसलीस आणि विमानतळापर्यंत व्हायोलिनची पेटी मांडीवर धरून होतीस. जिंकलेल्या भांडणाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

परत आल्यावर तुझं पोट दुखायला लागलं. हाउसआर्ट्सने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरने, लगेच पुढे पाठवलं, तपासण्या झाल्या, आणि पुढचं सगळं तुला माहीत आहे. ते मी इथे लिहिणार नाही. एकच लिहितो. केमोने तुझ्या बोटांची टोकं गेली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मुंग्या येतील, बधिरपणा येईल, कधी जातो, कधी नाही. तुझा गेला नाही. एका सकाळी तू व्हायोलिन घेऊन बसलीस आणि नुसती बसूनच राहिलीस. मी चहा घेऊन आलो.

“मिलिंद, तार कळत नाही रे,” तू म्हणालीस. “बोट आहे, आणि खाली काहीच नाही.”

मग तुला घाई झाली. ती ट्यून आता फक्त तुझ्याकडे होती. रेवाला शिकवायला घेतलंस. ती बसली तुझ्यासमोर, बिचारी, आठवडाभर बसली. मग म्हणाली, “आई, इक कान हेट निएत. आय कान्ट. मला नुसतं रडू येतं.” तिच्या तोंडून ते शेवटचं वाक्य मराठीत आलं म्हणून तू तिला जवळ घेतलंस आणि व्हायोलिन पेटीत ठेवून दिलंस. पुन्हा विचारलं नाहीस. माझा तर प्रश्नच नव्हता. मी ती ट्यून हजारदा ऐकली असेन. आज गुणगुणायला गेलो तर दुसऱ्या ओळीला आरतीची चाल लागते.

मग मेळ्याला. मी तुला गाडीतून कॅफेत न्यायचो, कोटाच्या आत दोन स्वेटर घातलेली. तू तोंडाने म्हणून दाखवायचीस, सा रे ग म करून, ते आपापल्या वाद्यावर शोधायचे. त्यांनी जीव लावून शिकून घेतलं, हे मी त्यांचं ऋण मानतो. पण इतके जण एकत्र वाजवतात तेव्हा तो जास्तीचा ठोका कुणालाच सांभाळता येईना. गिटारवाला पुढे जायचा, बासवाली मागे राहायची. रुलॉफ म्हणाला, “शर्वरी, एक ठोका काढला तर? नाचायलाही बरं पडेल.”

“नको,” तू म्हणालीस. “तो एकच ठोका त्याचा आहे, बाकी सगळं स्कॉटलंडचं म्हणतात लोक.”

रुलॉफने मान डोलावली. पुढच्या वेळी त्यांनी तुझ्यासमोर ठोका ठेवून वाजवली. तुला बरं वाटावं म्हणून. तुझं येणं जेव्हा थांबलं, तेव्हा तो गळाला.

तुझ्या अंत्यविधीला त्यांनी ती वाजवली. सरळ, चौकोनी, सुबक. वाजवण्याआधी रुलॉफ डचमध्ये म्हणाला, ही शर्वरीची ट्यून, तिने भारतातून आपल्यासाठी आणलेली. मला वाटलं, म्हातारा गोंधळलाय, त्याचेही डोळे भरलेत. सोडून दिलं. मिरजेहून आलेली तुझी आई मात्र ते इंग्रजीत कळल्यावर पदराने डोळे टिपत म्हणाली, “मला माहीतच नव्हतं, माझ्या पोरीने चाल बांधली होती.” मी पाण्याचा पेला पुढे केला.

गेल्या रविवारी मी कॅफेत गेलो. रेवा म्हणाली, जा बाबा, घरात नको बसूस. त्यांनी मला तुझ्या जागेशेजारी बसवलं, कॉफी आणली. नवी मुलगी आली आहे, लॉटे, उत्रेख्तला संगीत शिकते, हात फार गोड. तिने ती वाजवली. ती ही ट्यून बसवतेय असं रुलॉफकडून कळल्यावर, तू गेल्यानंतर तुझ्या फोनमध्ये सापडलेलं जुनं रेकॉर्डिंग मी तिला पाठवलं होतं, तू बरी असतानाचं, क्लाइडबरोबरचं. मला वाटलं होतं, ते ऐकून तिला ठोका सापडेल. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मी ऐकलं. दोघंही शेवटी एक ठोका चुकतात, पण काही हरकत नाही, मी ते दुरुस्त करून घेतलंय.”

मग तिने विचारलं, उन्हाळ्यात फिडलचं शिबिर आहे, दूरदूरचे वाजवणारे येतात, तिथे तिला ही शिकवायची आहे. ‘शर्वरीची ट्यून’ या नावाने. चालेल ना?

मी सगळं सांगितलं. क्लाइड, आजोबा, तंबाखू, ते दगड, चर्चमधल्या आजी. माझ्या तुटक्या डचमध्ये, मग इंग्रजीत. सगळा मेळा वाद्यं मांडीवर ठेवून ऐकत होता. ही तिची नाही, असं मी शेवटी म्हणालो. रुलॉफने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “यावेल, योंगन,” म्हणाला. “आहे रे बाबा, तिचीच आहे.” नुकतीच बायको गेलेल्या माणसाशी बोलतात तसा. लॉटे मात्र मन लावून ऐकत होती. तिला खरंच बरोबर करायचं होतं.

“मग कुणाची लिहू?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. शर्वरी, तू इतकी वर्षं जिथे अडलीस तिथेच मी येऊन उभा होतो, आणि माझ्याकडेही काही नव्हतं. अंकल म्हणणार नव्हतो. क्लाइडचं म्हटलं तर तेही खोटं. ती म्हणाली, “पारंपरिक, असं लिहू?” तुला त्या शब्दाचा किती राग होता. पारंपरिक म्हणजे ज्याचं नाव विचारायला कुणी गेलं नाही तो, असं तू म्हणायचीस.

आणि आणखी एक आहे, तेही तुलाच सांगायचं. तिने तुझं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. घरात आता ते कुणी घेत नाही, रेवा आणि मी दोघंही टाळतो. तिथे एक परकी मुलगी ते नीट म्हणायचा प्रयत्न करत होती. उन्हाळ्यात माणसं ते म्हणतील. ट्यून टिकली तर पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल. त्या माणसावर आजोबांचा थर बसला, मग क्लाइडचा, आता तुझा बसणार. हे तुला किती नको होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि तरी मी गप्प बसलो होतो.

लॉटेने पेन्सिल काढली. स्पेलिंग सांगाल का, म्हणाली.

मी सांगितलं. एस, एच, ए, आर. तिने पेन्सिल थांबवून विचारलं, पुढे व्ही की डब्ल्यू? व्ही, म्हणालो. शेवटी वाय की आय?

आय, मी म्हणालो.